जागेचा मासा, वेळेचा मासा

दिवस पहिला : कार्तिक शुद्ध द्वादशी

तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत रॉड-रील काखोटीला मारून घराबाहेर पडायला जिगर लागते. बायको एवढंच म्हणाली, "एकादशी सुटेपर्यंत थांबलात, उपकारच म्हणायचे." तिचा सख्खा भाऊच बरोबर होता, म्हणून पुढचं टळलं.

भांडण दिवाळीतलं. फराळाच्या ताटावर मेव्हण्याने जाहीर केलं की जिताड्याचा उगाच बोलबाला आहे, किनाऱ्यावर गळाला लागणारा खरा मासा रावस. मी पंधरा वर्षं जिताड्यामागे खाड्या तुडवतोय. मी गप्प बसणार होतो का? शेवटी ठरलं की पाच दिवस रायगडच्या किनाऱ्यावर जायचं आणि दोघांनी दोन्ही मासे गळावरच मारायचे. जाळ्यातला मासा धरायचा नाही. आपला राज्यमासा पापलेट आहे, 2023 साली सरकारने तसं जाहीर केलं. पण पापलेट गळाला लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना त्या सन्मानाचा काडीचा उपयोग नाही.

सकाळच्या रो-रोने भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरलो. गाडीसकट तासाभरात पलीकडे. 2020 पूर्वी याच प्रवासाला पेण-वडखळच्या खड्ड्यांतून अर्धा दिवस जायचा. पुढे पोयनाडच्या बाजूला वळून शहापूर-धेरंडच्या खारभूमीत गेलो. हा जिताड्याचा मुलूख. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेलं, आत भातशेती, आणि घरटी नाही तरी दोन घरांआड एक तळं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची, बारकी मासळी खायला घालायची आणि मोठी करायची. जावई यायचा असला की तळ्यात जाळं पडतं. साहेब यायचा असला तरी पडतं, हे काकांनी हसत सांगितलं.

काका म्हणजे आमचे जुने यजमान. त्यांचं तळं दहा पावलांचं असेल. पिल्लं सारख्या मापाची नसतील तर मोठी लहानांना गिळतात, म्हणून ते वेळोवेळी जाळ्याने उपसून वेगळी करतात. मेव्हण्याला वाटलं, काका थट्टा करतायत. काकांनी ओंजळभर बारकी मासळी पाण्यात टाकली. पाणी हललंही नाही. मग एकदम 'भॉक' असा आवाज झाला, घागर पाण्यात बुडवल्यासारखा, आणि मासळी गायब. जिताडा चावत नाही. तोंड इतकं झटक्यात उघडतो की पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढलं जातं.

"रावस असं करतो का?" मी विचारलं.

"भावोजी, तळ्यातल्या माशाचं काय कौतुक सांगता," मेव्हणा म्हणाला.

मुद्दा बरोबर होता. जेवण उरकून बांधावर गेलो.

आता तिथीचं गणित. आमच्याकडे भरतीचं कोष्टक मोबाईलवर आहे, तरी काका बोटांवरच मोजतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बाराची पाऊणपट, नऊ. नऊला भरती, म्हणजे तीनच्या सुमारास ओहोटी. मोबाईल साडेतीन म्हणत होता. फार काही फरक नाही.

बांधाला जागोजाग उघाड्या असतात. खाडीचं पाणी उतरलं की शेतातलं पाणी झडप बाहेर ढकलतं आणि धो धो वाहायला लागतं, भरती चढली की झडप आपोआप मिटते. त्या लोंढ्याबरोबर कोळंबी, बोयची पिल्लं, जे असेल ते खाडीत येऊन पडतं. जिताडा उघाडीच्या खांबाआड, प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी स्थिर असतं तिथे उभा राहतो. धावत नाही. ताट समोर वाढून येतं तेव्हा धावायचं कशाला?

दुपारच्या उन्हात दोन तास रबरी मासे फेकले. मला हातभर लांबीचा एक खजुरा मिळाला. जिताड्याच्या पोराला इकडे खजुराही म्हणतात. तो सोडला. मेव्हण्याला तिवराच्या मुळ्या मिळाल्या, तीनदा.

दिवस दुसरा : त्रयोदशी

रात्री अडीचला उठलो. काकू आधीच उठून चहा करत होत्या, ते पाहून लाज वाटली. उघाडीवर पोचलो तेव्हा चंद्र मावळतीला टेकला होता आणि पाणी जोरात उतरत होतं. रात्रीची ओहोटी दिवसापेक्षा भारी, असं मी नेहमी म्हणतो. त्याला पुरावा नाही, अनुभव आहे.

हेडलॅम्प पाण्यावर मारायचा नाही हा नियम. मेव्हण्याने मारला. रागावणार होतो, तेवढ्यात खांबाशेजारी दोन ठिपके पेटले. विडीच्या टोकासारखे, तांबूस. मग आणखी दोन. जिताड्याचे डोळे उजेडात असे पेटतात. आमच्यापासून पंधरा फुटांवर दोन मासे उभे होते, तोंड उघाडीकडे करून. मेव्हणा तासभर काही बोलला नाही, हा माझा या सहलीतला पहिला विजय.

दिवा विझवून वीस मिनिटं थांबलो. मग पाच इंची रबरी मासा लोंढ्याच्या वर फेकला आणि पाण्यालाच त्याला खाली न्यायला लावलं. खांबापाशी ब्रेड, म्हणजे रीलवरची विणलेली दोरी, किंचित थांबली. ओढ नाही, झटका नाही, नुसतं थांबणं. मी रॉड उचलला आणि काळोखात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला.

तो पाण्याबाहेर आला तेव्हा चंद्राच्या उरल्यासुरल्या उजेडात कल्ले उघडे दिसले, डोकं इकडून तिकडे हाणताना त्यांचा खडखडाट ऐकू आला. दुसरी उडी. तिसरीच्या आधी तो खांबाकडे वळला. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळला, अंगठ्याने स्पूल दाबला, आणि सगळं हलकं झालं.

ओढून बघितलं तर लीडरचं, म्हणजे गळाआधीच्या जाड दोरीचं, टोक ब्लेडने छाटल्यासारखं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, आणि तोंडाची आतली कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. म्हणून जिताड्याला साठ पौंडी लीडर लावायचा, हे मी मेव्हण्याला गाडीत दोनदा सांगितलं होतं. माझ्या रॉडला चाळीस पौंडी होता. गेल्या मोसमातला. बदलायचा कंटाळा केला होता.

"किती किलोचा असेल?" त्याने विचारलं.

निसटलेल्या माशाचं वजन मी सांगत नाही. तेवढी अब्रू राखली आहे.

दुपारी काकूंनी जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पोटाकडचा तुकडा मेव्हण्याच्या ताटात गेला. तिथली चरबी कालवणात विरघळते आणि रस्सा दाट होतो, रावसाच्या कालवणाला हे जमत नाही. तो म्हणाला, रावसाचा तुकडा तव्यावर टाकला की गुलाबी राहतो आणि पाकळ्या सुटतात, हे जिताड्याला जमत नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद मिटला नाही.

निघताना काकांनी बोलता बोलता जे सांगितलं ते डोक्यात राहिलं. "जितारा घर धरतो रं. आज सुटला तो परवा त्याच खांबाशी." मग रेवदंड्याकडे हात करून म्हणाले, "रावसाला घर नाय."

दिवस तिसरा : चतुर्दशी

रेवदंड्याला मुक्काम. कुंडलिका इथे समुद्राला मिळते, पलीकडे कोर्लईचा किल्ला. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण कोर्लई गावात पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून घराघरांत बोलतात. पूर्वी एकदा तिथल्या एका आजींना माशाचं नाव विचारलं होतं, तर त्यांनी तीन भाषांत सांगितलं आणि तिन्हींत तो मासा महागच होता.

पहाटे साडेचारला ओहोटी, साडेदहाला भरती. सूर्य उगवायच्या वेळी अर्धं पाणी चढलेलं, चौपाटीवर दुसऱ्या-तिसऱ्या लाटेच्या मधे गढूळ पट्टा. होडी लावत असलेल्या एका नाखव्याला विचारलं. तो म्हणाला, करंदी काठाला लागली की रावस तिच्या मागे येतो. काल आला होता. आज येईल का? त्याने समुद्राकडे पाहिलं, मग माझ्या रॉडकडे, आणि होडी ढकलून निघून गेला.

इथे खांब नाही, मूळ नाही, आडोसा नाही. मी जिताड्याच्या सवयीने पाण्यात 'जागा' शोधत होतो आणि सगळं पाणी सारखंच दिसत होतं. मेव्हण्याला ती अडचण नव्हती, कारण त्याला काहीच शोधता येत नव्हतं. त्याने चमचा लावला आणि जितका लांब जाईल तितका फेकत राहिला. हा चमचा म्हणजे चाळीस ग्रॅमचा चकचकीत पत्रा. दुकानदाराने त्याला तो दाखवला तेव्हा मी हसलो होतो.

सातच्या सुमारास पाण्यावर करंदी उडायला लागली, मूठभर तांदूळ फेकल्यासारखी. पट्टा उजवीकडून डावीकडे सरकत होता. त्या पट्ट्यात त्याचा चमचा पडला आणि रील किंचाळलं.

जिताडा धरला की भांडण जागच्या जागी होतं : तो घरात शिरायला बघतो, आपण बाहेर ओढतो. रावसाला जायचं घरच नाही, तो नुसता पळतो. पन्नास-साठ मीटर सरळ गेला, मग एकदम आमच्याकडे वळला आणि ब्रेड ढिली पडली. मेव्हण्याला वाटलं, सुटला. "गुंडाळ, गुंडाळ!" मी ओरडलो. तो रील फिरवत वाळूत मागे मागे पळाला आणि माझ्या डब्यावर पडला. मासा अजून होताच. पुन्हा एक धाव, यावेळी आडवी, आणि मग जोर जसा आला तसाच संपला. लाटेने त्याला वाळूवर आणून ठेवलं.

साडेतीन किलो. रुपेरी, अंगठा लावला तर खवले हाताला चिकटतात इतका नाजूक. नाक तोंडाच्या पुढे आलेलं, तोंड खालच्या अंगाला. शेपटी दुभंगलेली, दूर पळणाऱ्या माशाची असते तशी. जिताड्याची शेपटी गोल, पंख्यासारखी, उभ्या जागी झेप घ्यायला. दोघांच्या शेपट्या शेजारी ठेवल्या तर बाकी काही सांगावं लागत नाही. डोळ्यावर काचेसारखा चरबीचा पडदा. कडेचे पर पिवळेजर्द, आणि त्यांच्या खाली सुटे धागे. मेव्हण्याने मोजले : चार. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'चार बोटांचा' असाच आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो तेव्हा या बोटांनी तो तळ चाचपत जातो. ओल्या धाग्यांना त्याने बोट लावलं तर ते अजून हलत होते.

इंग्रजांनी याला 'इंडियन सामन' म्हटलं. सामनशी याचं कसलंही नातं नाही. गुलाबी मांस बघून एखाद्या साहेबाला घरची आठवण झाली असणार. मुंबईच्या बाजारात दाढाही रावस म्हणून गळ्यात मारतात, तो याच कुळातला, म्हणजे तिथे निदान नातं तरी आहे.

सोडायचा होता, पण रावस हाताळला की फार काळ तग धरत नाही. त्याने दोनदा पाण्यात धरून बघितला, मासा कुशीवर वळला. मग नेला खानावळीत. मावशींनी पोट उघडलं आणि आत कोवळी गाबोळी निघाली. मेव्हण्याचा चेहरा पडला.

इथे मला माझी माहिती पाजळायची संधी मिळाली. हे दोन्ही मासे आयुष्य नर म्हणून सुरू करतात आणि पुढे मादी होतात. जिताडा तीन-चार वर्षांचा नर होतो आणि साधारण सहा-आठ वर्षांनी, मीटरभर लांबीच्या आसपास पोचला की मादी. जिताडा वीस वर्षांहून जास्त जगतो, त्याला सवड आहे. रावस सहा-सात वर्षांत आटोपतो, म्हणून तो दोन-तीन वर्षांतच बदलतो. म्हणजे मोठा मासा हवा असं आपण म्हणतो तेव्हा दोन्हींकडे मादीच मागत असतो. जिताड्याची एक थोराड मादी काही कोटी अंडी घालते. चेन्नईच्या सीबा या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त पाण्यात त्यांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून तळ्यासाठी पिल्लं खाडीतूनच आणली पाहिजेत असं राहिलं नाही.

"हे सगळं आधी सांगायचं ना, भावोजी."

गाबोळी तव्यावर भाजून आली. त्याने नको म्हटलं. मी खाल्ली.

संध्याकाळी त्याच चौपाटीवर चार तास उभे राहिलो. तेच पाणी, तोच चमचा. एक शिंगाळासुद्धा नाही. रावसाला घर नाही म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. जिताड्याची जागा एकदा हेरली की वेळ चुकली तरी तो तिथे असतो, फक्त खात नाही. रावसाची वेळ हेरावी लागते, आणि ती सकाळी सात ते सातवीस होती.

दिवस चौथा : त्रिपुरी पौर्णिमा

मुरूड ओलांडून आगरदांड्याला जंगलजेटीत गाडी चढवली, दिघीला उतरलो, श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर. देवळात रात्री त्रिपूर लावायची तयारी चालली होती. दर्शन घेतलं आणि बागमांडल्याला होडीवाल्या नाखव्याला गाठलं. महाबळेश्वरला उगवणारी सावित्री इथे समुद्राला मिळते, पलीकडच्या काठावर बाणकोट.

उधाण होतं. पावणेसहाला पाणी तळाला गेलं, नेहमी बुडालेले खडक उघडे पडले, आणि त्याच वेळी पूर्वेला चंद्र वर आला. नाखव्याने होडी खडकांच्या वरच्या अंगाला नांगरली. मला वाटलं, चुकीची जागा. पाणी फिरल्यावर लक्षात आलं की भरतीचा पहिला लोंढा खडकाला वळसा घालून नेमका आमच्यासमोर येत होता. मी जागा बघतो ती आत्ताच्या पाण्यात. त्याने बघितली ती अर्ध्या तासानंतरच्या पाण्यात.

यावेळी साठ पौंडी लीडर. गाठ स्वतः तीनदा तपासली, मेव्हण्याकडून एकदा तपासून घेतली.

दुसऱ्याच फेकीला लागला. तीन उड्या, एक बुडी खडकाकडे, ड्रॅगवर पाऊण मिनिट रस्सीखेच. नाखवा बिडी ओढत "सोर नको, सोर नको" म्हणत राहिला. होडीच्या कडेला आला तेव्हा मी उत्साहाने हात घातला आणि कल्ल्याच्या कडेने अंगठा कापला. पंधरा वर्षांत चौथ्यांदा.

पट्टी लावली : अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. सहा किलोच्या आसपास. डोक्यावर तो खोलगट बाक, पाठ सोनेरी-करडी, डोळा चंद्रावर पेटलेला. म्हणजे नरच असावा, मादी व्हायला अजून वर्ष-दोन वर्षं. पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे केलं. अर्ध्या मिनिटात त्याने माझं मनगट झटकलं आणि गेला.

नाखव्याची बिडी हातातच राहिली. "सोरला?"

मी समजावलं. नर, मादी, कोट्यवधी अंडी, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे उद्या माज्या जाल्यात येल," तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर्या त्याचा, पोट त्याचं, माझा फक्त छंद. परतताना होडीचे ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे दिले. त्याने मोजले, जास्तीचे परत केले.

मेव्हण्याला त्या रात्री जिताडा मिळाला नाही. एक लागला, उडी मारली, गळ तोंडातून निसटला. तो होडीत बसून बराच वेळ त्याच पाण्याकडे बघत होता. खाली येता येता देवळाकडचे दिवे दिसले. "तो अजून तिथेच असेल ना, भावोजी?" त्याने विचारलं. मी काकांचं वाक्य त्याला पुन्हा ऐकवलं. मी मात्र चौपाटीवरच्या त्या वीस मिनिटांचा विचार करत होतो, पण ते त्याला सांगितलं नाही.

दिवस पाचवा

म्हसळा, माणगाव, महामार्ग. हमरस्त्याचं काम अजून चालू आहे, एवढंच लिहितो.

पनवेलला मेव्हण्याने गाडी थांबवायला लावली. दहा मिनिटांनी पिशवी घेऊन आला. घरी पोचलो तेव्हा वृंदावनाला बांधलेला ऊस सुकत आला होता. बायकोने आधी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या आइसबॉक्सकडे, मग भावाकडे.

"पाच दिवसांत एकही नाही?"

त्याने मुकाट्याने पिशवी पुढे केली. दोन पापलेटं होती.

"हे गळाला लागलं?"

"राज्यमासा आहे, ताई," तो म्हणाला, आणि हात धुवायला आत गेला.